कारखान्यातला एकुलता एक खेकडा

१

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत बळवंत पॅकेजिंग नावाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. तिथे मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता एक फाइल नाहीशी झाल्याचं उघडकीला आलं आणि चार वाजता गुन्हेगार सापडलासुद्धा. मधल्या अर्ध्या तासात कोणी कोणाला काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. गुन्हेगाराचं नाव आधीच नोटीस बोर्डावर लावलेलं होतं.

त्याचं असं झालं. मनुष्यबळ विभागाच्या हेतलबेननी सोमवारी सगळ्यांच्या फोनवर एक चाचणी पाठवली होती. 'तुम्ही इंटरनेटवर कसे वावरता? वीस प्रश्नांत स्वतःला ओळखा.' एका वेळी किती टॅब उघडे ठेवता, पान शेवटपर्यंत वाचता का, एक शोधायला जाऊन भलतंच बघत बसता का, बघून झाल्यावर खुणा पुसता का, असे प्रश्न. उत्तरांवरून माणसाचे चार प्रकार पडत. या टॅबवरून त्या टॅबवर उडणारी मधमाशी. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं कासव. हवं तेवढं टिपून निघून जाणारा बगळा. आणि आडवा चालणारा, गुपचूप बघणारा, जाताना मागचा माग पुसणारा खेकडा.

कारखान्यात खेकडा एकच निघाला. ठमी.

ठमी जव्हारकडच्या पाड्यावरची. आयटीआय करून तीन वर्षांपूर्वी इथे लागली होती आणि खोक्यांचे आराखडे काढत होती. नाहीसा झालेला आराखडा तिनेच नऊ दिवस खपून केला होता. चिकूच्या बागायतदारांसाठी नवं खोकं, हवेला भोकं असलेलं, म्हणजे फळ मुंबईपर्यंत घाम न सुटता पोचावं. शनिवारी सकाळी दहाला बागायतदार नमुना बघायला येणार होते. जेवायच्या सुट्टीपर्यंत जागेवर असलेला आराखडा गेलाच होता, वर तो ज्या कॉम्प्युटरवर होता त्यावरची इंटरनेटची सगळी हिस्टरीही कोणीतरी साफ केली होती. म्हणजे माग पुसला. माग कोण पुसतो? बोर्ड बघा.

मालक बळवंतशेठ म्हणाले, "शेजारच्या कारखान्याला विकला असणार. शनिवारपर्यंत कबूल हो, नाहीतर पोलिसांत देतो. तोवर येऊ नकोस."

ठमी पालघरला मंगला राऊतांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होती. मंगलाताई पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. ट्रंक कॉलच्या काळात अर्ध्या तालुक्याची भांडणं, सोयरिकी आणि बाळंतपणं त्यांच्या कानाखालून गेली होती. कोण खरं बोलतंय ते त्यांना श्वासावरून कळायचं. कोण मूर्ख आहे, ते त्याही आधी.

"अगं, पण स्वतःचंच काम कोण पुसेल?" गुरुवारी रात्री ठमीने शेवटी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या.

"त्येच मी बोललू, मावशी. तर हेतलबेन बोलल्या, खेकड्याचा सभावच तसा हाय."

मंगलाताईंनी रागाने कांदा घ्यायला हात घातला. कांदे ठमीनेच आणलेल्या एका खोक्यात होते. खोक्याला भोकं असल्यामुळे कांद्याची सालं रोज फरशीवर सांडत आणि मंगलाताई रोज चिडत. "हे खोकं तेवढं टाकून देते आता!"

"नको मावशी," ठमी पटकन म्हणाली. "ते राहू द्या."

मंगलाताईंना वाटलं, पोरीला नोकरीची आठवण म्हणून हवं असेल. त्यांनी कांदा चिरला आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, बोईसरची एसटी धरली. ठमीचा डबा मागे राहिलाय, तो घ्यायला आले, एवढं कारण पुरेसं होतं.

२

फाटकावर झिपरू होता. वीस वर्षं इथेच असलेला वॉचमन. मंगलाताईंनी डब्याचं सांगितलं. तो म्हणाला, "जा ना आजी. ठमी चांगली पोर हाय. पन खेकडा निघाली, काय करनार?"

"आणि तू कोण निघालास?"

"मी कासव!" झिपरूने छाती काढली. "समदं शेवटपर्यंत वाचतो मी. बोर्डावर लिवलंय."

"काय वाचतोस?"

झिपरूने विचार केला. मग खिशातून फोन काढून दाखवला. बटणांचा, मागे रबर बांधलेला. त्यात इंटरनेट नव्हतं. खरं तर सातचं बटणसुद्धा नव्हतं.

मंगलाताई त्या फोनकडे बघतच राहिल्या.

"झिपरू, तू ती चाचणी दिलीस कधी?"

"त्येच तर मला कळंना," झिपरू म्हणाला. "पन बोर्डावर आलंय म्हंजी दिली असंल."

३

बोर्ड दारातच होता. नावं हजेरीपटाच्या क्रमाने, शेवटी मालकाचं. चंद्रभान मधमाशी, भावना कासव, मिथुन बगळा, ठमी खेकडा, रिद्धी मधमाशी, झिपरू कासव, नीलेश बगळा, बळवंतशेठ बगळा. ठमीच्या नावाभोवती कोणीतरी लाल पेनाने गोल केला होता. पेन दोरीने बोर्डालाच बांधलेलं होतं. सोय चांगली होती.

मंगलाताईंनी यादी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांची बोटं आपोआप मोजायला लागली. तेवढ्यात हेतलबेन आल्या.

"झिपरूने सांगितलं. डबा माझ्याकडे आहे, मासी. या ना, बसा."

बसायची जागा म्हणजे काचेची केबिन. तिथे सगळ्यांच्या वापराचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर होता. आत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. मंगलाताईंनी पदराने वारा घेतला. भिंतीवर एसी होता.

"हा नुसता शोभेला आहे का?"

"रिमोट सरांकडे असतो. खिशात. ते इथे बसले तरच लागतो. आम्हाला पंखो छे ने." पंखा फिरत होता, म्हणजे तसा विचार करत होता.

"ही फाइल होती कुठे?"

"डेस्कटॉपवर. न्यू फोल्डरमध्ये."

"म्हणजे चिकूच्या खोक्यांचा वेगळा फोल्डर?"

"नाही नाही. फोल्डर एकच. नावच 'न्यू फोल्डर'. सगळे सगळं त्यातच ठेवतात. भावनाच्या मुलाचं हॉल तिकीट, मिथुनच्या साखरपुड्याची पत्रिका, ठमीचा आराखडा. आता आख्खा फोल्डरच गेला. मिथुनने परत पत्रिका करायला टाकली, बिचारो."

"चोराला आराखडा हवा होता, तर त्याने मिथुनचा साखरपुडा का मोडला?"

हेतलबेन हसल्या. अज्ञानी माणसाकडे बघून हसतात तसं. "मासी, खेकडा सगळंच पुसतो. मॅन्युअलमध्ये आहे."

"मंगळवारी जेवायच्या सुट्टीत ठमी कुठे होती?"

"शेडमध्ये, सगळ्यांबरोबर. पण हात धुवायला उठली होती. तेवढ्यात केलं असेल."

"हात बाकीच्यांनी धुतले नाहीत?"

"बाकीचे खेकडा नाहीत ना!"

तीस वर्षं लोक मंगलाताईंवर 'लाइन लागत नाही, लाइन लागत नाही' म्हणून खेकसले होते. तेव्हाही त्यांचं डोकं असं ठणकलं नव्हतं. तेव्हा निदान लाइन खरोखरच लागत नव्हती.

त्या बाहेर आल्या. केबिनच्या मागच्या भिंतीला पुठ्ठ्यांची थप्पी होती आणि थप्पीपाशी सुपरवायझर चंद्रभान एक फुगलेला पुठ्ठा हातात घेऊन उभा होता.

"चंद्रभानभाऊ, ठमीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"मैडम, मैं तो मधुमक्खी हूँ," चंद्रभानने आधीच स्पष्ट केलं. "मुझे मत फँसाइए."

"मी नुसतं विचारतेय."

"लड़की अच्छी है. पर अब टेस्ट में आ गया तो आ गया. मेरी तो कोई सुनता ही नहीं. ये देखिए!" त्याने तो पुठ्ठा मंगलाताईंच्या नाकासमोर धरला. "चालीस शीट गत्ता गया. केबिन के एसी का पानी सीधा इस पर टपकता है. छह महीने से पाइप के लिए बोल रहा हूँ. मंगल को लंच में इतना टपका, इतना टपका, मैं खाना छोड़ के भागा. तब तक पापड़!"

"मंगळवारी? लंचमध्ये?"

"हाँ जी."

"आत कोण होतं?"

"शीशे पे परदा लगा था. मैं गत्ता उठाऊँ कि परदे में झाँकूँ?"

मंगलाताईंनी त्या ओल्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग एकदम म्हणाल्या, "आणि तुमची चाचणी तुम्ही स्वतः दिलीत?"

चंद्रभान इकडेतिकडे बघायला लागला. पुठ्ठा त्याने पाठीमागे लपवला. पुठ्ठ्याचा यात काही दोष नव्हता.

"वो... नीलेश से पूछिए."

४

नीलेश माल पाठवण्याच्या विभागात कारकून. शिरगावचा, हसतमुख. कानाला एक फोन, हातात दुसरा, टेबलावर तिसरा. त्यातला त्याचा एकच होता.

"काकू, कारखान्यात सगल्यांचे फॉर्म मीच भरतो," त्याने लगेच कबूल केलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "आधार-पॅन, लायटीचं बिल, पोरांचे दाखले, भावनाताईचं रेशन. लिंक आली की मानसं फोन माज्या हातात देतात आनि ओटीपी सांगून जेवायला जातात. ही पन लिंकच ना? मला काय ठावं, मनाचं काय ते असतं!"

"झिपरूकडे तर इंटरनेट नाही."

"त्याची मी माज्या फोनवरून भरली. माघारी का राहावा बिचारा?"

"आणि उत्तरं?"

नीलेशच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कष्ट दिसले. "आठ मानसं, वीस-वीस प्रश्न. एकशेसाठ प्रश्न झाले, काकू! गाडी भरायची होती. वाचनार कोन? पयल्याला सगलीकडे 'अ' दाबला. दुसऱ्याला 'ब'. तिसऱ्याला 'क', चौथ्याला 'ड'. मग परत 'अ'पासून. सगल्यांना 'अ' दिला असता तर हेतलबेनला संशय आला असता ना."

मंगलाताईंनी डोळे मिटले. एका मुलीची नोकरी, नाव, पोलिसांची धमकी, सगळं एवढ्यावर उभं होतं की हजेरीपटात ती चौथी होती. पाचवी असती तर मधमाशी झाली असती आणि आज पगारी कामावर असती.

"हे तू शेठना का नाही सांगितलंस?"

"सांगायला गेलतो. शेठ बोलले, 'तू बगला हायेस, स्वतःचं बघ नि निघ.'" नीलेशने आवाज खाली आणला. "आनि काकू, सांगितलं तर सगल्यांचंच उघडं पडेल. शेठनीपन फोन माज्याकडंच दिलेला."

"शेठनीपण?" मंगलाताईंनी डोळे उघडले. बोटं परत मोजायला लागली. "अ, ब, क, ड. अ, ब, क..."

आठवं बोट वर आलं आणि तसंच राहिलं. आठव्याला 'ड' यायला हवा होता. आणि 'ड' म्हणजे खेकडा.

बोर्डावर तर आठवा बगळा होता.

५

बळवंतशेठच्या केबिनमध्ये गारठा होता. मंगलाताईंना बघून शेठ खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या वडिलांचे सुरतचे कॉल मंगलाताई जोडून द्यायच्या. शेठ शाळेत दोनदा नापास झाल्याची बातमी सुरतेला त्यांच्याच हातून गेली होती. अशा माणसासमोर पूर्ण बसता येत नाही आणि पूर्ण उठताही येत नाही.

"ताई, ठमीचं सोडून बोला. माझा नाइलाज आहे. शास्त्रीय चाचणी आहे."

"बरं बाबा," मंगलाताई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. तिथे देवांच्या तसबिरींच्या ओळीत एक नवीन चौकट होती. 'अभिनंदन! तुम्ही बगळा आहात. नेमके, निर्मळ, निर्णयक्षम.'

"सुंदर आहे हो."

"कालच फ्रेम करून आणली," शेठ खुलले.

मंगलाताईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरं होती. कंपनीतल्या सात माणसांनी ती वाचली नसती. झिपरूला वाचायची संधी मिळाली नव्हती.

"मंगळवार, दुपारी एक सत्तेचाळीस," त्या वाचू लागल्या. "प्रयत्न क्रमांक नऊ."

शेठ आता पूर्ण उठले.

"बळवंता, बस," मंगलाताई म्हणाल्या. "मी सांगते, चुकलं तर तू सांग. सोमवारी तुझी चाचणी नीलेशने भरली. संध्याकाळी हेतलने निकाल दाखवला, तू खेकडा. तू तिला म्हणालास, यादी उद्या दुपारनंतर लाव."

"मालक खेकडा असं बोर्डावर लागलं असतं तर कामगारांनी काय..."

"मंगळवारी सगळे जेवायला गेल्यावर तू काचेच्या केबिनमध्ये बसलास. पडदा ओढलास. पण उकाडा सहन झाला नाही, म्हणून एसी लावलास. रिमोट तुझ्याच खिशात असतो. बाहेर चंद्रभानचे चाळीस पुठ्ठे भिजले."

"ते पाइपचं काम मी सांगितलंय..."

"सहा महिने झाले. मग तू स्वतः चाचणी दिलीस. खरी उत्तरं देऊन. काय निघालास?"

शेठनी एसीचा रिमोट खिशातून काढला आणि परत आत ठेवला.

"खेकडा," ते म्हणाले. "आठ वेळा. मी प्रश्न बदलून बदलून, म्हणजे उत्तरं... शेवटी सगळीकडे 'क' दाबला. तेव्हा बगळा आलो."

"म्हणजे चाचणी अगदीच टाकाऊ नाही," मंगलाताई म्हणाल्या. "आठ माणसांत एकाला तिने बरोबर ओळखलं. मग तू हिस्टरी पुसलीस."

"हो. मग काय ठेवायची? आठ आठ खेकडे!" शेठचा आवाज चढला. "पण ताई, फाइल मी नाही घेतली! आईशप्पथ. मी फक्त माझी ती प्रमाणपत्रं काढून टाकली. दर वेळी एक आपोआप सेव्ह व्हायचं."

"कुठे सेव्ह व्हायचं?"

"फोल्डरमध्ये."

"कुठल्या?"

बळवंतशेठनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. तीस वर्षं फोनवर बसूनही मंगलाताईंनी एवढी स्पष्ट शांतता ऐकली नव्हती.

"न्यू फोल्डर," शेठ शेवटी म्हणाले. "एकेक कुठे निवडत बसणार? वरूनच उडवला. नीलेशने शिकवलंय ना, शिफ्ट दाबून डिलीट केलं की कचरापेटीतसुद्धा राहत नाही."

ते खुर्चीत खचले. मंगलाताईंना क्षणभर त्यांची कीव आली. क्षणभरच, कारण पुढच्या वाक्याला शेठ परत पूर्वीसारखे झाले.

"ताई, हे आपल्या दोघांत ठेवा. ठमीला बोलवा. तिला म्हणावं, मी माफ केलं."

"कुणी कुणाला?" मंगलाताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला. लाइन पहिल्याच झटक्यात लागली.

६

ठमी दुपारी तीनला आली. शेठ काचेच्या केबिनमध्ये एसी लावून बसले होते; ती खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. मंगलाताईंनी तिला सगळं सांगितलं.

"झालं गेलं विसर," शेठ म्हणाले. "सोमवारपासून... नाही, आत्तापासूनच ये. उद्या दहाला बागायतदार येणार. आराखडा परत काढायला किती वेळ लागेल?"

"नऊ दिस."

"ठमी, अगं ही ऑर्डर गेली तर दोन शिफ्टची एक होईल! सगळ्यांचं नुकसान आहे."

"शेठ, मला फाटकाबाहेर काढलं तवा झिपरूकाका बगत होता. भावनाताई बगत होती. समदे बगत व्हते," ठमी म्हणाली. आवाज चढवला नाही. "माफी हितं खोलीत नको मला. बोर्डावर द्या. जिथं गोल केलाय तिथं. तुमच्या हातानं लिवून."

"मी हेतलला टाइप करायला..."

"हातानं."

शेठनी कारखान्याचा कागद घेतला. आधी लिहिलं, 'तांत्रिक कारणाने फाइल गहाळ झाली.' मंगलाताईंनी तो कागद चुरगळला. मग 'सर्वांच्या निष्काळजीपणामुळे' असं झालं. तो गेला. मग 'चाचणीतील त्रुटीमुळे.' मग एका कागदावर ठमीची खूप स्तुती होती आणि बाकी काहीच नव्हतं. शेठ घामाघूम झाले, एसी चालू असून. बाहेर चंद्रभान पुठ्ठे उचलून पळताना दिसला. केराची टोपली भरली. मंगलाताई प्रत्येक कागद चष्म्याखाली धरत आणि नुसती मान हलवत. ट्रंक कॉलसाठी लोक कसे ताटकळत बसायचे, ते त्यांना आज दुसऱ्या बाजूने कळत होतं.

शेवटी एक कागद टिकला. 'मंगळवारी न्यू फोल्डर माझ्या हातून पुसला गेला. ठमीने काहीही केलेलं नाही. मी न विचारता तिच्यावर आळ घेतला, ही माझी चूक. बळवंत.'

"कितवा हा?" मंगलाताईंनी विचारलं.

टोपलीतले मोजले. आठ होते.

शेठनी स्वतः जाऊन तो कागद यादीवर चिकटवला. कामगार जमले. झिपरू फाटक सोडून आला आणि त्याने मोठ्याने, एकेक अक्षर लावत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हेतलबेन म्हणाल्या, "बघा, कासव!" त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

ठमीने झिपरूचं वाचून होऊ दिलं. मग बोर्डाचं लाल पेन दोरीला होतं तसं सरळ लटकवून ठेवलं आणि मंगलाताईंकडे वळली.

"मावशी, आता घरी जाऊन कांदे काढून ठेवा."

"कांदे?"

"खोक्यातले. मशीनवर घालायच्या आधी शेवटचा नमुना मी हातानं कापलेला. त्योच तो. उलगडून पसरला की मापासकट आराखडा हाय. सकाळी घेऊन येते."

बळवंतशेठ भिंतीला टेकले. "अगं, मग चार दिवस हे बोलली का नाहीस?"

"कुनी इचारलंच नाय," ठमी म्हणाली. "टेष्टीत तो प्रश्न नव्हता."

मंगलाताईंनी परतीची एसटी धरली. महिनाभर ज्या भोकांना त्यांनी शिव्या घातल्या, त्या भोकांमुळे एकही कांदा नासला नव्हता, हे त्यांच्या पालघर येता येता लक्षात आलं. घरी गेल्यावर त्यांनी खोकं रिकामं केलं, आतली सालं फुंकरून काढली आणि फरशीवर घरंगळलेल्या पाच किलो कांद्यांकडे बघत, हे आता ठेवायचे कशात, म्हणून वैतागून बसल्या.